‘केरेन-हप्पूख’ हे मुलीचं नाव? अर्थ काय, आणि ठेवावं का?

मोठी_मावशी

नमस्कार मंडळी. आठ दिवस घरात एका नावावरून रण पेटलंय, म्हणून शेवटी इथे येऊन विचारते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला तिसरी मुलगी झाली. पहिली जेमिमा, दुसरी केझिया. तिचे सासरे निवृत्त पाळक आहेत. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरता उतरताच त्यांनी जाहीर करून टाकलं, “ईयोबाच्या तीन मुली. दोन झाल्या, तिसरीचं नाव ठरलेलंच आहे.” म्हणजे केरेन-हप्पूख. ईयोब म्हणजे बायबलमधला, सगळं गमावून सोसलेला आणि देवाने पुन्हा भरभराट दिलेला माणूस. बायबलमध्ये ईयोब ४२:१४ काढून बघा, खरंच आहे.

बहीण म्हणते, “पप्पा, शाळेत तिला हापूस म्हणतील.” पप्पा म्हणतात, “म्हणू देत, हापूस काय वाईट आहे?” मेहुणे नेहमीप्रमाणे तटस्थ.

या नावाचा नेमका अर्थ काय? नेटवर एक जण ‘शृंगाराचं शिंग’ म्हणतो, दुसरा ‘समृद्धीचं शिंग’, तिसरा ‘पाचूसारखी’. पहिल्या दोघांचं शिंग मात्र सुटत नाही. कोणी नीट सांगेल का? बाप्तिस्म्याला सहा आठवडे आहेत.

तिरकस_तात्या

रत्नागिरी की देवगड, तेवढं आधी ठरवा.

उसळपाव

तात्यांनी पहिल्याच प्रतिसादात धागा नासवला. नवा विक्रम.

व्याकरणवेडा

आधी नाव सोडवून घेऊ. तीन तुकडे आहेत. ‘केरेन’ म्हणजे शिंग. ‘ह’ हे इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद, ते लागलं की पुढचं अक्षर दुहेरी होतं, म्हणून ‘प्प’. आणि ‘पूख’ म्हणजे डोळ्यांत घालायची काळी पूड, थोडक्यात सुरमा. हिब्रूत दोन नामं अशी शेजारी बसवली की मधे ‘चा-ची-चे’ आपोआप येतो. म्हणून ‘सुरम्याचं शिंग’. शेवटचं अक्षर ‘क’ नाही, घशातला ‘ख’ आहे.

आता सुरम्याचं शिंग म्हणजे काय? शिंग आतून पोकळ असतं. बूड बंद केलं की झाली डबी. शमुवेल दावीदाला राजा म्हणून अभिषेक करायला जातो तेव्हा तेल कशात नेतो? शिंगात. १ शमुवेल १६ मध्ये ‘केरेन’ हाच शब्द आहे. तसंच हे सुरम्याचं. तेव्हा पाळकसाहेब नातीचं नाव ठेवतायत काजळाची डबी.

मोठी_मावशी

काय सांगता! बहिणीला आत्ताच फोन करते.

सायली_र

अय्या, किती गोड आहे हे. मी आपली बैलाचं शिंग समजत होते.

तिरकस_तात्या

बैलाचंच असणार. बैलाने फक्त देणगी दिली.

डबीतली_काजळी

माझ्या आयडीची अखेर दखल घेतली गेली, धन्यवाद.

पण व्याकरणवेडा, सुरमा आणि काजळ एक करू नका हो. सुरमा हा दगड असतो, कुटून वस्त्रगाळ करतात. काजळ ही काजळी. आमची आजी अमावास्येला करायची. पणतीत एरंडेल, दोन बाजूंना दोन पेले आणि त्यांच्यावर तांब्याची ताटली उपडी. रात्रभर वात मंद जळत ठेवायची. सकाळी ताटलीला मखमलीसारखा थर आलेला असायचा, फुंकर घातली तरी उडेल असा. तो चमच्याच्या कडेने खरवडायचा, साजूक तुपात बोटाने खलायचा आणि पितळी डबीत दाबून भरायचा. डबीच्या झाकणाला आतून चिमुकला आरसा होता. त्या आरशात अख्खा चेहरा कधी मावला नाही, एका वेळी एकच डोळा दिसायचा.

मुद्दा एवढाच की ‘पूख’ दगडाचा असेल तर ती सुरमादाणी, काजळाची डबी नव्हे.

व्याकरणवेडा

मान्य, सुरमादाणीच. ‘काजळाची डबी’ लिहिलं कारण मराठी घरात ती लगेच डोळ्यांसमोर येते. संत जेरोमच्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात ‘कोर्नू स्तिबिई’ आहे. ‘स्तिबिउम’ म्हणजे अँटिमनीचा दगड, त्यावरूनच रसायनशास्त्रात अँटिमनीची खूण ‘एसबी’. प्रत्यक्षात प्राचीन इजिप्तच्या डब्यांतल्या काळ्या पुडीत बहुतेकदा शिशाचं खनिज, म्हणजे गॅलेना, सापडतं. तेव्हा डोळ्यांत घालायच्या सगळ्याच काळ्या दगडांना एक नाव होतं म्हणा.

डॉ_गुळवेल

शिसं हा शब्द आला म्हणून घाईने लिहितो. बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत आजही शिसं निघतं. लहान मुलं डोळे चोळतात आणि तेच बोट तोंडात घालतात. नाव खुशाल ठेवा, वस्तू बाळाच्या डोळ्यांत घालू नका. घरचं काजळसुद्धा नको. तीट लावायची हौस असेल तर कपाळावर किंवा तळपायाला लावा.

उसळपाव

डॉक्टर, आपल्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत ते घातलेलं आहे.

डॉ_गुळवेल

म्हणूनच चष्म्याची दुकानं चालतात, असं म्हणणार होतो. पण ते शास्त्रीय नाही, म्हणून म्हणत नाही.

शब्दांचा_भंगारवाला

मला इथे भलतीच खाण दिसते आहे. ‘केरेन’, आपलं ‘करंडा’, संस्कृत ‘शृंग’, लॅटिन ‘कोर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’! शिवाय अरबीत सुरम्याला ‘कुह्ल’, आपल्याकडे ‘काजळ’! सगळं एकच आहे मंडळी. कुंकवाचा करंडा आणि सुरम्याचं केरेन!

व्याकरणवेडा

भंगारवाले, थांबा. सगळं एका पोत्यात भरू नका.

करंडा संस्कृत ‘करण्ड’ वरून आला. त्याचा मूळ अर्थ वेताची पेटी किंवा टोपली, त्यात शिंग कुठेच नाही. काजळ आलं ‘कज्जल’ वरून. अरबी ‘कुह्ल’चं मूळ म्हणजे सेमिटिक, अर्थात अरबी-हिब्रूच्या कुळातला, शब्दधातू आहे आणि तो हिब्रूतही आहे. यहेज्केल २३:४० मध्ये डोळे रंगवण्याचं क्रियापद तेच. पुढे त्याच अरबी शब्दाचं युरोपात ‘अल्कोहोल’ झालं. आधी बारीक पूड, मग कुठलाही अर्क, मग दारू. काजळ आणि कुह्ल यांचे आवाज जुळतात, कुळं नाहीत.

‘कोर्नू’ आणि ‘हॉर्न’ मात्र ‘शृंग’च्याच घरातले. या घराशी सेमिटिक ‘कर्न’चं फार जुनं काही देणंघेणं असावं, असं काही अभ्यासक मानतात आणि काही योगायोग म्हणून सोडून देतात. तिथे तुम्हाला अर्धा गुण.

शब्दांचा_भंगारवाला

अर्धा तर अर्धा. शाळेत तेवढेही मिळत नव्हते.

पायरी

सुरम्यावरून अल्कोहोल! आमच्या ह्यांना हे कळता कामा नये.

शनवारतेली

उशीर झाला, कामावर होतो. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आजोळ अलिबागकडचं, राहतो इस्राएलमध्ये बीरशेबाला. आयडी बघून काही जण विचारतात म्हणून सांगतो, कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गाववाले ‘शनवार तेली’ म्हणत. त्याचा अभिमान वाटतो म्हणून आयडी घेतला.

इथे ‘केरेन’ हे मुलीचं अगदी सर्रास नाव आहे. माझ्या ऑफिसात दोन केरेन आहेत. ‘हप्पूख’ लावलेली मात्र आजवर एकही भेटली नाही, आणि त्याला एक कारण आहे. ईयोबात जी अक्षरं आहेत तीच अक्षरं, खुणा न देता लिहिली, तर आजचा माणूस ‘हाफूख’ असं वाचतो. म्हणजे उलटा, पालथा. आणि ‘कॅफे हाफूख’ म्हणजे इथली रोजची दुधाळ कॉफी, कापुचिनोची बहीण. त्यामुळे इथे ते नाव ठेवलंत तर एक तर ‘पालथं शिंग’ होईल, नाही तर वेटर विचारेल, साखर किती.

‘केरेन’चे आणखी अर्थ सांगतो. कोपरा. किरण. आणि मुद्दल! मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात ‘पेआ’ भागाच्या सुरुवातीलाच आहे की काही सत्कृत्यांचं फळ माणूस या जगात खातो आणि ‘केरेन’, म्हणजे मुद्दल, पुढच्या जगासाठी शिल्लक राहतं. म्हणून आता निधीलाही केरेन म्हणतात. १९०१ साली स्थापन झालेला ‘केरेन कायेमेत’ हा ज्यू राष्ट्रीय निधी त्यातलाच, त्याच्या निळ्या पत्र्याच्या दानपेट्या प्रसिद्ध आहेत. गंमत म्हणजे निळ्याला इथे ‘काखोल’ म्हणतात. व्याकरणवेडांनी वर सांगितलेला ‘कुह्ल’चा शब्दधातू तोच.

मोठी_मावशी

शनवारतेली, तुमच्याकडे जुन्या लोकांची नावं कशी असायची? पप्पांना सांगायला बरं पडेल.

शनवारतेली

आमच्याकडे दोन डबे एकाच रुळावर चालायचे. पोथीत शमुवेल, गावात समाजी. पोथीत यहेज्केल, गावात हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. नावाला ‘जी’ लावला की बायबलमधला माणूस थेट कोकणात उतरायचा. बायकांची नावं तर पुष्कळदा शेजारणींसारखीच असत. केरेन-हप्पूख आमच्यात मी ऐकलेलं नाही. असती तर गावाने ‘केराबाई’ केलं असतं, खात्री आहे.

तिरकस_तात्या

‘केराबाई’ नका सुचवू, पप्पा तेही घेतील.

सायली_र

बाकी दोघींचा अर्थ काय? जेमिमा म्हटलं की मला फक्त आपली जेमिमा रॉड्रिग्ज आठवते.

उसळपाव

३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध वर्ल्ड कपची सेमीफायनल, नाबाद १२७. मी होतो मैदानात. ३३९ चा पाठलाग! शेवटच्या ओव्हर्सना माझ्या शेजारच्या काकांनी चप्पल काढून हातात घेतली होती, का ते त्यांनाही सांगता येईना.

पायरी

मी टीव्हीवर बघत होते. भाजी करपली ती करपलीच.

उसळपाव

माझ्या मते धाग्याचा निकाल इथेच लागला. जेमिमाच्या धाकट्या बहिणीला कुठलंही नाव चालतं.

व्याकरणवेडा

क्रिकेट आवरा. जेमिमा, हिब्रूत येमीमा. अरबी ‘यमामा’ म्हणजे पारवा, कबुतर, म्हणून बहुतेक जण तिला ‘पारवी’ मानतात. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी मात्र हिब्रू ‘योम’ म्हणजे दिवस धरून तिला ‘दिवस’ करून टाकलं. केझिया म्हणजे कॅसिया, दालचिनीच्या कुळातली सुगंधी साल. तुम्ही-आम्ही दालचिनी म्हणून जी जाड, खडबडीत साल आणतो ती पुष्कळदा तीच असते.

म्हणजे पारवी, दालचिनी आणि सुरमादाणी. एक बघायला, एक हुंगायला, आणि एक बघणारीच्या डोळ्यांसाठी. सगळं सोसून बसलेल्या माणसाने ठेवलेली नावं आहेत ही.

पाचूचा_हट्ट

पण मावशींनी लिहिलेला ‘पाचू’ आणि ‘समृद्धीचं शिंग’ कुठून आले, ते राहिलंच. लोकांनी मनाने घातले की काय?

व्याकरणवेडा

मनाने नाही, दोन्ही जुने आहेत.

समृद्धीचं शिंग ग्रीकांचं. सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे बायबलच्या त्या जुन्या ग्रीक भाषांतरात, तिचं नाव चक्क ‘अमाल्थियाचं शिंग’ केलंय. अमाल्थिया ही बाळ झ्यूसला दूध पाजणारी शेळी. तिचं शिंग म्हणजे मागाल ते देणारं, आपल्या अक्षय्यपात्रासारखं. भाषांतरकाराला शिंग कळलं, पूख अडलं किंवा नकोसं वाटलं, आणि त्याने वाचकांच्या ओळखीचं एक शिंग आणून बसवलं. त्यापुढचं ‘ईयोबाचा करार’ हे ग्रीक पुस्तक आणखी मजेशीर आहे. तिथे ईयोब तिन्ही मुलींना तीन रंगीबेरंगी दोऱ्या वारसा म्हणून देतो. त्या बांधल्या की मुली देवदूतांच्या भाषेत गायला लागतात.

पाचू आला तारगुममधून, म्हणजे बायबलच्या अरामी भाषांतरातून. चेहऱ्याचं तेज पाचूसारखं म्हणून हे नाव, असं तिथे म्हटलंय. अर्थ थेट लावण्यापेक्षा तारीफ करायची पद्धत.

शनवारतेली

तालमूद राहिला, ज्यू पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ! त्यातला बावा बात्रा भाग, पान १६. बाबिलोनमधले पंडित बसलेत आणि हाच प्रश्न चाललाय, केरेन-हप्पूख म्हणजे काय. रव शीलाच्या पाठशाळेतले म्हणतात, ‘केरेश’ नावाच्या प्राण्याच्या शिंगासारखी सुंदर. त्यावर मजकुरातच पुढे लिहिलंय, ‘पश्चिमेकडचे लोक याला हसले’, म्हणजे इस्राएल देशातले पंडित. ते म्हणतात, अहो, त्या प्राण्याच्या शिंगासारखी म्हणजे व्यंग झालं, त्यात कौतुक कसलं! मग रव हिस्दा मधे पडतो आणि म्हणतो, शिंग सोडा, ती बागेतल्या ‘कुर्कमा’सारखी होती. म्हणजे केशर.

तिरकस_तात्या

म्हणजे एक जण काहीतरी ठोकून देतो, दुसऱ्या गावचे लोक हसतात, तिसरा भलताच संदर्भ देतो. हा आपला धागाच आहे की, दीड हजार वर्षं जुना.

शब्दांचा_भंगारवाला

कुर्कमा! कुंकुम! बोला आता!

व्याकरणवेडा

…इथे मी गप्प बसतो. संस्कृतात ‘कुङ्कुम’ म्हणजे केशरच, आणि हे शब्द व्यापाऱ्यांबरोबर देशोदेशी हिंडलेले आहेत. हळदीच्या शास्त्रीय नावातलं ‘कुर्कुमा’ही अरबी ‘कुर्कुम’ वरूनच आलंय. तुम्हाला आज दीड गुण.

पायरी

मला एक वेगळंच खटकतंय. आमच्या लहानपणी संडे स्कूलमध्ये डोळे रंगवणारी बाई म्हणजे ईजबेल, बायबलमधली ती दुष्ट राणी, असंच शिकवलं. मी दहावीत पहिल्यांदा काजळ घातलं तेव्हा आमच्याकडच्या एका वयस्कर बाईंनी भर चर्चच्या दारात रुमाल ओला करून माझे डोळे पुसले होते. डोळ्यांत साबणाचा वास गेला तो अजून आठवतो. आणि इथे देवाने परत भरभराट दिलेल्या माणसाने मुलीचं नावच सुरमादाणी ठेवलंय? मग आम्हाला ते का नाही कोणी सांगितलं?

मोठी_मावशी

पायरी, अगदी अगदी. आमच्याकडेही पावडर चालायची, काजळ नाही.

व्याकरणवेडा

पायरींनी नेमकं बोट ठेवलं. मी ‘पूख’ येतो त्या जागा काढून बघितल्या, मोजक्याच आहेत. २ राजे ९:३० मध्ये येहू मारायला आलाय हे कळल्यावर ईजबेल डोळ्यांत पूख घालते, केस सावरते आणि खिडकीतून खाली बघते. (मला तर तिचा तो रुबाब आवडतो. मरायचंच आहे तर नीट तयार होऊन.) यिर्मया ४:३० मध्ये संदेष्टा यरुशलेमेला बाईसारखं झापतो, पूख घालून डोळे मोठे केलेस तरी तुझे यार तुला टाकतील. दोन्हीकडे टोमणाच. पण यशया ५४:११ मध्ये देव उद्ध्वस्त नगरीला म्हणतो की मी तुझे दगड पूखमध्ये बसवीन. काळ्या कोंदणात रत्न उठून दिसतं तसं. १ इतिहास २९:२ मध्ये दावीदाने मंदिरासाठी जमवलेल्या सामानातही पूखचे दगड आहेत.

ज्याने बाईला टोमणा मारायचा तोच शब्द एका बापाने लेकीला नाव म्हणून दिलाय. आणि पुस्तक लिहिणाऱ्याने त्यावर तक्रारीचा एक शब्द लिहिलेला नाही. उलट लगेच पुढे म्हणतो की त्या देशात ईयोबाच्या मुलींइतक्या सुंदर बायका नव्हत्या.

सायली_र

आणि मुलग्यांची नावं?

व्याकरणवेडा

नाहीत! सात मुलगे, एकाचंही नाव नाही. फक्त तीन मुलींची.

वकिलीणबाई

मी कधीपासून वाट बघत होते की कोणी १५व्या वचनाचा दुसरा अर्धा भाग काढेल. “त्यांच्या बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले.” माझ्या दृष्टीने खरी बातमी ही आहे. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या मुलींना वाटा मिळतो, पण का? भाऊ नाहीत म्हणून. ईयोबाला सात मुलगे आहेत आणि तरीही तो मुलींना वाटा देतो. कोणी दावा लावलेला नाही, कोणी मागितलेलं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तोही आधी लग्न झालेल्यांना वगळून. देशभर यायला २००५ उजाडलं. आणि अजूनही माझ्या टेबलावर आठवड्याला एक तरी हक्कसोडपत्र येतं. बहीण सही करते आणि तिच्या मांडीवर भावाने दिलेल्या साडीची पिशवी असते. पिशवीवरचं लेबलसुद्धा काढलेलं नसतं.

उसळपाव

मावशींकडे हिंदू कायदा लागू नाही ना पण?

वकिलीणबाई

नाही. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. सह्या मात्र तिथेही घेतात.

संपादक

मंडळी, मिळकतीच्या वाटण्यांसाठी वेगळा धागा आहे. इथे नावावर बोला.

गावाकडची_मीरा

नावावरच बोलते. तिसरी मुलगी म्हटलं की मला आमच्याकडच्या नकुशा आठवतात. तिसरी-चौथी झाली की नाव ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशांना समारंभ करून नवी नावं दिली. माझ्या वर्गात एक होती. हजेरी घेताना गुरुजी तिचं नाव जरा हळू घ्यायचे.

मावशी, तुमच्या पाळकसाहेबांनी तिसरीला नाव शोधलं ते पुस्तकातलं सगळ्यात सजलेलं शोधलं. उच्चाराला अवघड असेल, पण मला त्यांना भेटावंसं वाटतंय.

मोठी_मावशी

मीरा, हे वाचून दाखवलं मी बहिणीला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तरी पण हप्पूख नको.”

तिरकस_तात्या

हाहाहा. बाई ठाम आहेत.

अटलांटाची_सून

इकडे अमेरिकेत हे नाव अख्खं ठेवायचे बरं का. प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाच्या, लोकांना बायबलमधलं कुठलंच नाव जड वाटत नसे. नॉर्थ कॅरोलिनात गिलफर्ड कोर्टहाऊस इथे १७८१ च्या लढाईचं मैदान आहे, तिथे केरेनहप्पूख टर्नर नावाच्या बाईचा पुतळा आहे. जखमी मुलाची शुश्रूषा करायला मेरीलँडहून घोड्यावरून आली, अशी तिची कथा सांगतात. आम्ही सहलीला गेलो होतो, तेव्हा पाटीवरचं नाव वाचून माझ्या नवऱ्याला छपाईची चूक वाटली होती.

पाचूचा_हट्ट

व्याकरणवेडा, एक शंका. शनवारतेलींनी ‘केरेन’चा अर्थ किरणही सांगितला. मग ‘शिंग’ न घेता ‘पूखचा किरण’, ‘काळ्या डोळ्यांतली चमक’ असा अर्थ नाही का होणार? पाळकसाहेबांना आणि बहिणीला, दोघांना चालेल.

व्याकरणवेडा

कल्पना सुंदर आहे, पण इथे डबीच खरी. पूखबरोबर डबी जाते, किरण कशाला जाईल?

किरणाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. निर्गम ३४:२९ मध्ये मोशे सीनाय डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याची त्वचा ‘कारन’, म्हणजे तेजाने फाकत होती. केरेनच्याच धातूचं क्रियापद. जेरोमने त्याचं लॅटिन केलं ‘कोर्नूता’, शिंगं असलेला. झालं! शेकडो वर्षं युरोपातले चित्रकार मोशेच्या डोक्यावर शिंगं काढत राहिले. रोममध्ये सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोचा संगमरवरी मोशे आहे, त्यालाही दोन शिंगं आहेत. हबक्कूक ३:४ मध्येही देवाच्या हातातून निघतात ती ‘शिंगं’ म्हणजे किरणंच. तेव्हा शिंग आणि किरण ही जोडी हिब्रूत जुनी आहे. बालसूर्याचं पहिलं टोक डोंगरामागून वर येताना बघा, शिंगच दिसतं.

शब्दांचा_भंगारवाला

केरेन… किरण… 👀

व्याकरणवेडा

नाही. किरण संस्कृत आहे. योगायोग. झोपा आता.

डबीतली_काजळी

मावशी, धागा लांबला पण निर्णय कळला नाही. बाप्तिस्मा झाला का?

मोठी_मावशी

झाला मागच्या रविवारी. सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

हा अख्खा धागा छापून पप्पांना दिला होता. त्यांनी चष्मा लावून, पेन्सिलने खुणा करत तो दोन दिवस वाचला. तालमूदच्या इथे एकटेच हसत होते. ईजबेलच्या ओळीखाली रेघ मारली आणि पायरींच्या प्रतिसादाशेजारी समासात लिहिलं, “आमचेही चुकले.” कशाबद्दल ते मी विचारलं नाही. त्यांच्या मंडळीत कोणाकोणाचे डोळे पुसले गेले असतील, त्यांनाच माहीत.

शेवटी तह झाला. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये पूर्ण केरेन-हप्पूख, पप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, हायफनसकट. बोलायला आणि शाळेत नुसतं केरेन. बहिणीने चर्चला जाताना बाळाच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला. डॉक्टर, डोळ्यांत नाही, वाचलं होतं तिने. पप्पांनी बघितलं, आणि जेमिमा-केझियाला म्हणाले, “तुम्हाला नाही लावलं?” मग दोघींनाही लावावं लागलं.

पण आज जन्माचा दाखला आला. फॉर्मवर स्वच्छ अक्षरात ‘केरेन’ लिहून दिलं होतं. तिथल्या माणसाने वाचलं, मान हलवली आणि टाइप केलं ‘किरण’.

शब्दांचा_भंगारवाला

!!!!!!!!

तिरकस_तात्या

व्याकरणवेडा, या. तुमची वाट बघतायत.

व्याकरणवेडा

…भाषांतर बरोबर आहे त्यांचं.

वकिलीणबाई

बरोबर असलं तरी दुरुस्तीचा अर्ज आताच द्या. दहावीच्या वेळी लय हेलपाटे पडतात.

मोठी_मावशी

पप्पा म्हणतायत राहू दे. बहीण म्हणते दुरुस्त करा. मेहुणे तटस्थ.